सवयीच्या कपाटातलं कार्ड

नाना नमस्कार नंतर करायचे, आधी समोरच्याचे हात बघायचे. तळवा, बोटांची पेरं, नखांच्या कडा. नवख्या माणसाला वाटायचं, हे भविष्य सांगतात की काय. बघून झालं की मान हलवत म्हणायचे, ‘‘हात बसेल शे.’’ म्हणजे या हाताला अमुक एका कामाची सवय झाली आहे. मी कॉलनीत राहायला आले त्याच आठवड्यात माझाही हात त्यांनी बघितला. ‘‘खडू. पंधरा-वीस वर्षं झाली असतील. हात बसेल शे, ताई.’’ मी जळगावातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

नाना पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण रस्त्यावरचे हवालदार नव्हेत. उभी नोकरी त्यांनी रेकॉर्डच्या खोलीत काढली. पकडल्या गेलेल्या प्रत्येक माणसाचं तिथे एक कार्ड असायचं. नाव, गाव, अंगावरच्या खुणा आणि गुन्हा करायची पद्धत. खोलीत तीन लोखंडी कपाटं होती. एक प्रसंगाच्या माणसांचं, एक सवयीच्यांचं आणि एक धंद्याच्यांचं. कुठं चोरी झाली की नाना जागा बघून यायचे, कपाट उघडायचे आणि तीन-चार कार्डं काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. मग गाडी त्या तीन-चार घरांकडे निघायची.

घरी बसल्यावरही त्यांची ती सवय काही सुटली नाही. दुधात पाणी घालणारा गवळी सवयीचा. भाजीवाल्याची नजर चुकवून कोथिंबिरीची जास्तीची काडी उचलणारी मी, प्रसंगाची. निवडणुकीला उभे राहणारे झाडून सगळे धंद्याचे. एकदा कॉलनीच्या टाकीची पितळी तोटी चोरीला गेली. माणसं चौकीवर जायला निघाली तर नाना तिथे उकिडवे बसले, पाइपाच्या आट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘‘पाना नही वापरेल. हातानी फिरवेल शे, सालटी निघाली असतील बिचाऱ्याची. प्रसंगाचा शे, सोडी द्या.’’ सगळे हसले आणि वर्गणी काढून प्लास्टिकची तोटी बसवली. मला तेव्हा वाटलं होतं, हा माणूस नोकरीत किती जणांना असंच सोडवत आला असेल! मला माणसं लवकर आवडतात, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या अभ्यासक्रमात गुन्हेगारीशास्त्राचा एक पेपर आहे. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे, शरीराविरुद्धचे गुन्हे. मग गुन्हेगार, त्यांत प्रासंगिक, सराईत, व्यावसायिक, पांढरपेशे. मी फळ्यावर लिहिते, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तेच परत येतं. एका वर्षी मी नानांनाच वर्गात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि त्यांनी तास असा रंगवला की मलाच माझी लाज वाटली. चोरी करण्याआधी घरातल्या देवाचा फोटो भिंतीकडे फिरवून ठेवणारा एक चोर. आधी स्वयंपाकघरात बसून जेवून घेणारा दुसरा. ‘‘माणूस नाव बदलतो, गाव बदलतो, पद्धत बदलत नाही,’’ नाना म्हणाले. पुस्तकातल्या जन्मजात गुन्हेगाराबद्दल एकाने विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘‘तो तेवढा मला कधी सापडला नाही रे भाऊ. तुम्हाला सापडला तर कळवा.’’

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ‘‘सर, एका कपाटातलं कार्ड कधी दुसऱ्या कपाटात जातं का?’’

नाना बाटलीतलं पाणी प्यायले. झाकण लावलं, परत काढलं. ‘‘जातं की. सवयीच्यातून धंद्याच्यात जातं.’’

‘‘नाही सर, उलटं. सवयीच्यातून प्रसंगाच्यात?’’

नानांनी बाटली टेबलावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘ताई, तास संपला का?’’ तास संपायला अजून बराच वेळ होता.

चार-पाच दिवसांनी ते आपणहून घरी आले. चहा पुढे ठेवला, तो तसाच राहिला. ‘‘त्या पोरीला उत्तर द्यायचं राहिलंय,’’ म्हणाले आणि सांगायला लागले.

पाचोऱ्यात दुकानांची शटरं बसवणारा एक माणूस होता. बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी चारी बाजूंनी अडला आणि भडगावात त्यानेच शटर बसवलेल्या एका कापडदुकानात शिरला. आयुष्यातली पहिली चोरी. तिसऱ्या दिवशी सापडला. नाना जागा बघायला गेले तर कुलपावर साधा ओरखडा नव्हता. शटर वर घेताना आवाजही झाला नव्हता. मग कोठडीत त्याचे हात बघितले. घट्टे पडलेले, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. ‘‘मी म्हटलं, हात बसेल शे. हे पहिलं काम नाही. कार्डावर सवयीचा लिहिलं आणि मधल्या कपाटात टाकलं.’’

‘‘आणि त्याचा धंदा? तो लिहिला नाही?’’ मी विचारलं.

‘‘धंद्याच्या रकान्यात मजुरी लिहिलं. सगळ्यांचं तेच लिहायचो. तू काय काम करतोस, हे मी त्याला विचारलंच नाही, ताई.’’

हात बसलेलाच होता. रोज दहा शटरं वर-खाली करणाऱ्याचा तो बसणारच. नुसता हात ओळखून नाना माणूस ओळखल्याचं धरून चालले. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि माझ्याकडे तर पुस्तकाचा आधारही होता.

कोर्टाने त्याला पहिला गुन्हा म्हणून थोडक्यात सोडलं. कपाटाने सोडलं नाही. त्यानंतर जिल्ह्यात कुठेही शटर उचकटलं गेलं की नाना मधलं कपाट उघडायचे आणि त्याचं कार्ड वर यायचं. गाडी पाचोऱ्याला जायची. दोन दिवस, तीन दिवस बसवून ठेवायचे, मारायचे, सोडायचे. ज्याला सारखी पोलिसांची गाडी न्यायला येते त्याला आपल्या दुकानाचं शटर कोण बसवू देईल? काम गेलं. ऑपरेशनमधून वाचलेली बायको माहेरी निघून गेली, ती आली नाही.

मग एक दुसराच चोर पकडला गेला आणि त्याने त्या सगळ्या चोऱ्या कबूल केल्या. त्या दिवशी नानांना आपली चूक कळली. ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, ‘‘राहू द्या हो. सवयीचा माणूस कुठे सुधारतो?’’ नाना परत येऊन खुर्चीत बसले.

‘‘कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती, ताई. साहेब काय रोज कपाट उघडून बघत होते? एक कार्ड उचलून शेजारी ठेवायचं होतं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. म्हटलं, कशाला भानगड.’’

नाना निवृत्त झाले, नवा माणूस आला, कार्ड वर येतच राहिलं. शेवटी त्या माणसाने धुळ्यात एका गोदामाचं शटर खरोखरच उचकटलं. म्हातारा चौकीदार आडवा आला. याने ढकललं, तो पायरीवर डोक्यावर पडला आणि जागीच गेला. माझ्या फळ्यावरच्या मालमत्तेच्या रकान्यातून तो माणूस शरीराच्या रकान्यात गेला. नानांनी त्याच्या वकिलाला गाठून सांगितलं, ‘‘कार्ड मी चुकीचं लिहिलं, हे कोर्टात सांगतो.’’ वकील म्हणाला, ‘‘नाना, चौकीदार तर मेला ना? आता ते कार्ड बरोबरच आहे.’’

हे सांगताना नाना रडले.  नवरदेवासारखं त्यांचं शहाणपण मी वर्गात मिरवलं होतं, आणि आता त्यांचा गार झालेला चहा उचलून आत नेला.

हे सांगितल्यापासून दर सोमवारी ते धुळ्याला जेलवर जायला लागले. सकाळची एसटी, पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. भेटीच्या चिठ्ठीवर कैद्याशी नातं काय, असा एक रकाना असतो. आयुष्यभर दुसऱ्यांचे रकाने भरलेला हा माणूस तिथे अडला. शेवटी लिहिलं, ‘ओळखीचा’. आत नाव पुकारलं जायचं आणि तो माणूस यायला नकार द्यायचा. नाना तासभर बाकावर बसायचे, स्टँडवर येऊन भाकरी खायचे आणि परतायचे. ‘‘आज आला का?’’ मी विचारायची. ‘‘नही. पुढच्या सोमवारी दखू.’’ असं वर्षभर चाललं.

एका रविवारी सकाळी दाढी करता करता नाना कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. खुंटीवर दुसऱ्या दिवशीची पिशवी तयार होती.

दोन सोमवार गेले. तिसऱ्या सोमवारी मी रजा टाकली आणि धुळ्याला गेले. त्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं, एवढंच डोक्यात होतं. चिठ्ठीत माझ्या नावाखाली ‘नानांकडून’ असं लिहिलं. दारावरचा शिपाई नानांना ओळखत होता, त्याने ती आत पाठवली. आणि तो आला.

पन्नाशीही गाठली नसेल, पण केस पार पांढरे. जाळीला बोटं अडकवून उभा राहिला. माझी नजर आधी त्या बोटांकडे गेली. घट्टे विरले होते.

‘‘नाना गेले,’’ मी म्हटलं.

त्याने मनाशी काहीतरी मोजलं. मग म्हणाला, ‘‘तरीच. दोन सोमवार नाव पुकारं नही.’’

‘‘त्यांना तुमची माफी मागायची होती.’’

‘‘माले ठाऊक शे.’’ त्याने जाळीतली बोटं काढून घेतली. ‘‘बठ्ठी बराक, सगळी, सोमवारी नाव ऐकाले बसस. मनं नाव दर सोमवारी ये. मी दर सोमवारी नही म्हनू.’’ तो परत जाळीजवळ आला. ‘‘नही म्हनाले बी कोनीतरी लागस ना, ताई. आते कोन येई?’’

‘‘मी येईन,’’ मी म्हटलं. वेळ संपल्याची शिट्टी झाली आणि त्याला आत नेलं.

पुढच्या सोमवारी कॉलेजात परीक्षा होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारी घरी पाहुणे होते. नंतर मी कारणं शोधणंही सोडलं. धुळ्याची एसटी आमच्या कॉलनीच्या तोंडाशीच थांबते. सोमवारी अकराला तिथे नावं पुकारतात आणि त्याच वेळी माझा गुन्हेगारीशास्त्राचा तास असतो. मी फळ्यावर ‘सराईत गुन्हेगार’ लिहिते आणि खाली रेघ ओढते. वहीत बघावं लागत नाही, अक्षर कुठे हलत नाही. हात बसेल शे.