शेरा नको म्हणून

माझ्या धाकट्या बहिणीला सगळं यायचं, फक्त लिहिता यायचं नाही. दहा वर्षांची होती. एकदा ऐकलेला धडा महिन्यानेही जसाच्या तसा सांगायची. तोंडी गणितं तर माझ्या आधी करून मोकळी व्हायची, आणि मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी. पण हातात टाक दिला की अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची, निम्मी उलटी पडायची. तिनं लिहिलेलं तिचं तिलाही वाचता यायचं नाही. आता अशा मुलांसाठी शाळांतून वेगळे शिक्षक असतात म्हणे. आमच्या घरी तेव्हा एकच शब्द होता, आळशी.

त्यात घर कारकुनांचं. आजोबांच्या मोडीचं दरबारच्या दफ्तरात कौतुक होतं, आणि वडिलांचा कागद साहेबलोक नव्या उमेदवारांना नमुना म्हणून दाखवायचे. उत्तरेकडच्या जुन्या मराठी संस्थानाच्या राजधानीत, जयेंद्रगंजातल्या आमच्या बिऱ्हाडात सकाळी कित्त्याचं एक पान लिहिल्याशिवाय दूध मिळत नसे. बहीण बहुतेक रोज गार दूध प्यायची.

मराठी शाळेतल्या बाईंनी तिला बरोबर ओळखलं होतं. त्या तिला टेबलाशेजारी उभी करून परीक्षा तोंडी घ्यायच्या आणि मार्क देऊन टाकायच्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुणी हरकतही घेतली नाही.

संस्थान आधीच गेलं होतं, मध्य भारत आला होता, आता तोही गेला आणि मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला, कचेऱ्या भोपाळला, त्यांच्या मागोमाग ओळखीची निम्मी माणसं भोपाळला. स्टेशनाजवळच्या पडावावर रोज कुणाचं तरी सामान उतरवलेलं दिसायचं. मराठी वर्गांना मुली उरल्या नाहीत, तेव्हा ते वर्ग हिंदी कन्याशाळेत मिसळून टाकले. बाईही नवऱ्याच्या बदलीबरोबर निघाल्या. जाण्याआधी त्या घरी आल्या आणि नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसाठी एक चिठ्ठी वडिलांच्या हातात दिली. मुलगी फार हुशार आहे, तिला लिहिणं जमत नाही, तिची परीक्षा तोंडी घ्यावी, एवढंच त्यात होतं.

वडिलांनी ती वाचली आणि घडी करून खिशात टाकली. बाई गेल्यावर आईला म्हणाले, "ही द्यायची नाही. एकदा कागदावर शेरा पडला की तो जन्मभर मागे लागतो. दफ्तरात रोज बघतो मी."

"मग ही तिथे करेल काय?"

"मोठी आहे ना. घरचा अभ्यास ती लिहून देईल. सालभरात हिचाही हात बसेल."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात त्यांचीही बदली झाली आणि ते एकटेच भोपाळला गेले.

ती सांगायची, मी लिहायची. हिंदीतसुद्धा तिची उत्तरं माझ्यापेक्षा चांगली असायची, हे मला आवडायचं नाही. माझ्या अक्षरासाठी शाबासकी तिला मिळायची, ते तर त्याहून नाही. वर्गात मात्र कधी हात दुखतो, कधी टाक मोडला, असं सांगून ती वेळ मारून न्यायची.

सहामाहीला पितळ उघडं पडलं. बड़ी बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला वर्गातून बोलावून घेतलं. टेबलावर तिची वही होती आणि शेजारी उत्तरपत्रिका. बहीण भिंतीला लागून उभी होती.

"ये दोनों एक ही लड़की के हैं?"

मी वहीतल्या माझ्या अक्षराकडे पाहिलं.

"सच बताओ, बेटी. इसे लिखने में कोई तकलीफ़ है क्या? हो, तो हम ज़बानी पूछ लेंगे."

त्या चिडलेल्या नव्हत्या; तोंडी परीक्षा घ्यायला आपणहून तयार होत्या. मला वडिलांचं बोलणं आठवलं. वही मी लिहिली हे कबूल केलं तर माझं काय होईल, तेही आठवलं. खरं सांगायचं तर तेच आधी आठवलं.

"नहीं, बहनजी. घर पे तो यही लिखती है."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "जी. मैं ही लिखती हूँ."

मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे तेव्हाही कळत होतं. मी वर्गात परत गेले आणि भूगोलाचा नकाशा रंगवत बसले.

प्रगतिपुस्तकात शेरा पडलाच. लिहिता येत असून लिहीत नाही, हट्टी आहे. तिला दोन इयत्ता खाली बसवलं. लहान मुलींच्या त्या वर्गात ती दहा दिवस गेली आणि अकराव्या दिवशी घरीच थांबली. आई ओरडली, मग तिनं माझ्याकडून भोपाळला पत्र लिहून घेतलं. घरकाम शिकू दे, असं उत्तर आलं. एवढ्यावर तिची शाळा संपली.

पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी ती सहामाहीच्या प्रश्नपत्रिका घेऊन माझ्याजवळ आली.

"ताई, सवाल वाच ना."

"आता कशाला?"

"वाच तर. मी जबाब देते."

मी वाचत गेले. ती सुपातले गहू निवडत उत्तरं देत गेली. इतिहास झाला, भूगोल झाला, गणितं झाली. कुठेच अडली नाही. आई लाटणं हातात धरून ऐकत होती.

"पास?" बहिणीनं विचारलं.

"पास."

"बड़ी बहनजी ज़बानी घेणार होत्या ना," ती म्हणाली आणि सूप उचलून आत गेली.