डिटेक्टरची धूपारती

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, तुम्ही हसणारच! शनिवारी मारुतीरायाला सांगितलं, तर शेजारी बसलेला पुजारीसुद्धा हसला.

घरोघरी नुकती केबल येऊ लागली होती, तेव्हाची गोष्ट. आमचे हे नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टेम्पररी होते. तिथे आगीचा नवा अलार्म बसला आणि त्याची देखभाल यांच्याकडे आली. साहेब म्हणाले, "गाडे, दिवाळीपर्यंत एकदाही खोटा वाजला नाही, तर तुम्ही कायम!"

मी लगेच शिंगणापूरला नवस बोलले, शनिवार धरले. शिवाय यांच्याकडून सगळं समजूनही घेतलं.

"छताला उपड्या वाटीसारखा असतो तो डिटेक्टर. म्हणजे नाक. धूर हुंगतो. पॅनल म्हणजे डोकं. कुठल्या झोनमध्ये, म्हणजे कुठल्या भागात आग लागली, ते दिवा लावून सांगतं. आणि हूटर म्हणजे गळा. बोंबलतो!"

सोपंच की! पण माझा जीव अडकला त्या नाकात. बिचारं दिवसभर ऑइलचा वास हुंगतं!

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती, घरच्यांनाही बोलावणं. लेथला हार, मोटारीला हार, पॅनलला यांनी स्वतः गंध लावलं. आणि ज्याच्यावर आमचं नशीब, त्या डिटेक्टरला साधी फुलाची पाकळी नाही? मला राहवेल का!

स्टोअरचं छत बुटकं. मी स्टुलावर चढले. धुपाटण्यात चांगला मूठभर ऊद घातला, वर गुग्गुळ.

दारातून वॉचमन म्हणाला, "वैनी, काय करताय वर?"

"ओवाळतेय."

"त्याला? त्यो काय देव हाय व्हय?"

"आज यंत्र म्हणजेच देव!"

"मंग बराबर हाय," म्हणत त्यानंही हात जोडले!

आणि काय सांगू, डिटेक्टरवर लाल दिवा लागला! "पावला! पावला!" मी आनंदानं ओरडले.

तेवढ्यात हूटर ओरडला.

अगं बाई! आता हे बंद कसं करायचं? धुपाटण्यासकट मी शेजारच्या शॉपमध्ये, म्हणजे लेथ चालतात त्या भागात, पळाले. भिंतीवर काचेची लाल डबी होती. बंद करायचं बटण असणार, म्हणून अंगठ्यानं दाबली. कट्! तो निघाला कॉल पॉइंट, आग दिसली की माणसानं दाबायचा! पॅनलवर दुसऱ्या झोनचाही दिवा लागला.

"स्टोअर पेटलं! शॉप पण पेटलं! पळा!" सगळा कारखाना गेटबाहेर.

हे वाळूची बादली घेऊन धावत आले. "अगं, तू?"

"अहो, नाकाला जरा सुवास…"

यांनी बादली खाली ठेवली आणि कपाळाला हात लावला.

मागून साहेब आले, खोकत. मी रडायलाच लागले. "साहेब, माझ्यामुळे खोटा वाजला हो! यांना काही बोलू नका."

"खोटा?" साहेब डोळे पुसत म्हणाले. "वहिनी, मला माझे बूट दिसत नाहीत! धूर खरा, तर अलार्म खरा. माणसंही धडाधड बाहेर पडली. गाडे, तुमचं काम पक्कं!"

दिवाळीत हे कायम झाले. शनिदेवाची कृपा, दुसरं काय!

पुढच्या खंडेनवमीलाही मला मानानं बोलावणं आलं. खास माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. कुठे? आग लागल्यावर सगळ्यांनी पळत येऊन जमायचं, त्या गेटबाहेरच्या जागेवर! आत पूजा चालली होती, आणि वॉचमनला माझ्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं.