बरणीवरचं फडकं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तरसालीत गिरणीवर दळणासाठी उभी होते. डबा तिथेच टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाला, समाला तिच्या घरी पोचले, तर भाऊजी दारातच म्हणाले, "चेहरा बघू नकोस, काविळीनं फार उतरलाय." मी बघितलाच. तिची बहीण आहे मी.

ताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. वेरावळहून बर्फात घालून चिरफाडीसाठी मुशी, म्हणजे लहान शार्क, आल्या की आठवडाभर तिच्या साडीला, डब्याला तोच वास. पोरं घाईघाईनं यकृत कापत आणि त्याच्या मुळाशी दडलेलं, दोन्ही अंडनलिकांचं ते एकुलतं एक नरसाळं फाटून जाई. मग अंडं गर्भाशयाकडे जातं कुठून, ते काय डोंबल दिसणार! "आधी उचला, मग कापा," ती ओरडायची. एकदा गाभण मुशी निघाली. दोन्ही गर्भाशयांत पिल्लं, प्रत्येकाला आपापली नाळ. एका मुलीला बघवेना, तिनं तोंड फिरवलं. "मॅडम, माराथी नथी जोवातुं." ताई म्हणाली, "जोवुं पडशे, बेटा. मोढुं फेरववाथी कंई बदलातुं नथी."

तोंड फिरवून काही बदलत नाही, असं ती का म्हणाली, ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत, सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. रक्त थांबेना म्हणून पिशवीही काढावी लागली. ती शुद्धीवर येईतो सगळं उरकलेलं. मुलगा होता की मुलगी, तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "कशाला विचारतेस? विसर आता." भाऊजी म्हणाले, "मी पाहिलंच नाही." सांत्वनाच्या नावाखाली माणसं काय काय हिरावून घेतात... म्हातारपणापर्यंत ती अधूनमधून विचारत राहिली.

कॉलेजातली चिरफाड बंद झाली, जुने नमुने टाकून द्यायला निघाले, तेव्हा ताईनं त्या मुशीच्या नाळेसकट पिल्लांची बरणी घरी आणली. भाऊजी बरणीवर फडकं टाकत, ताई ते काढी. याचं आम्हाला हसू यायचं.

परवा तिचं कपाट आवरायला गेले. बरणीवर फडकं होतं. मी ते ओढून काढलं तसे खुर्चीतले भाऊजी एकदम म्हणाले, "मुलगी होती. मीच पुरून आलो. जावळ दाट होतं."

"आणि ताईला?"

"आई म्हणाली, सांगू नकोस. मग... राहूनच गेलं."

संताप आला, रडूही आलं. बरणी पुसून त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली आणि फडकं पिशवीत घालून तरसालीला घेऊन आले.