अकराव्या मजल्यावरची मटिल्डा

ज्युलियसची आणि बावीस मजली टॉवरची पहिली भेट झाली ती पापडी गावाच्या अलीकडे, ज्युलियसच्या स्वतःच्या केळीच्या बागेत; आणि भेटायला टॉवर बैलगाडीत बसून आला होता. १९८३ सालचा मे महिना होता. गाडीत गादी, गादीवर काहीतरी उंच, ताठ, आणि त्यावर पांढरीशुभ्र चादर. वाटेत तीन बायकांनी क्रुसाची खूण केली, दोघांनी टोप्या काढल्या, आणि हिलरी नावाचा एक म्हातारा तर कोण गेलं हेही न विचारता गाडीमागून चालत बागेपर्यंत आला. चादर काढल्यावर आत मयत नाही, पुठ्ठ्याची इमारत आहे, हे बघून त्याची इतकी निराशा झाली की चहा घेतल्याशिवाय तो परत जाईना.

गाडीसोबत बिल्डरचा माणूस होता, विद्याधर. सफारी सूट, कपाळावर घाम, आणि तोंडात एकदम बावीस मजले.

"खाली बाजार, काका. त्यावर ऑफिसं, बँक, डॉक्टर. त्यावर घरं. माणूस जन्माला येईल, शिकेल, नोकरी करेल, म्हातारा होईल, पण इमारतीबाहेर पाऊल टाकायला नको!"

"आणि पुरायचं?" ज्युलियसनं विचारलं.

विद्याधरनं नकाशा पाहिला. ती सोय नव्हती.

ज्युलियस पाच फूट एक इंच उंचीचा, अठ्ठावन्न वर्षांचा. आयुष्यात तो चढला तो फक्त माडावर, आणि तिथूनही खाली बघायचं टाळायचा. बागेच्या बदल्यात टॉवरमध्ये मोठं घर, या बोलण्याला त्याचा नकार तयार होता. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्याची बायको मटिल्डा बाहेर आली. हात पुसले, पुठ्ठ्याच्या टॉवरभोवती एक फेरी मारली, आणि विचारलं, "कुठल्या मजल्यावरून अर्नाळा दिसेल?"

अर्नाळा तिचं माहेर. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि या एकतीस वर्षांत केळी, भाजी, पाणी यांतून सवड काढून ती माहेरी गेली होती नऊ वेळा. नऊपैकी पाच वेळा कुणीतरी वारलं म्हणून.

विद्याधरनं मजले मोजले. "अकरावा. खिडकीतून समुद्र, किल्ला, होड्या. सगळं."

मटिल्डा आत गेली, वालाचा एक दाणा आणि भाताचं शीत घेऊन आली, आणि अकराव्या मजल्याच्या खिडकीवर तो दाणा शितानं चिकटवला. "मी इथं राहणार," म्हणाली. ज्युलियसनं सही केली. एकतीस वर्षांत तिनं मागितलेली ती पहिलीच वस्तू होती, आणि तीही नेमकी आभाळात.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तापाचं निमित्त होऊन मटिल्डा गेली. चार दिवसांत. शेवटच्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "किती मजले झाले?" तेव्हा पायाही खणला नव्हता. ज्युलियसनं आयुष्यातलं सर्वांत मोठं खोटं सांगितलं. "सात," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी घर पाडलं, केळी गेल्या, विहीर बुजली. मुलगी सुझान जवळच्या गास गावात दिलेली, ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे चला." पण ज्युलियस जागेवरच राहिला. त्यानं बांधकामाची राखण पत्करली आणि सिमेंटच्या गोण्यांशेजारी पत्र्याच्या खोलीत संसार मांडला. संसार म्हणजे एक खाट, एक पातेलं आणि वालाचा दाणा चिकटवलेला पुठ्ठ्याचा टॉवर. उंदरांनी तोवर त्याचं तळघर आणि बँक खाल्ली होती.

चौथ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला आणि काम थांबलं. वरची परवानगी आली नाही, असं विद्याधर सांगायचा. पहिल्या महिन्यात तो हे गाडीतून उतरून सांगायचा, दुसऱ्या महिन्यात गाडीच्या खिडकीतून. स्लॅबवर लोखंडी सळया उभ्या आणि त्यांच्यावर मोकळं आभाळ.

तिथंच ते सुरू झालं.

स्लॅबखालच्या फळ्या-टेकू लावणारा सेंटरिंगवाला धर्मा मिठागराकडचा; काम थांबलं तरी फळ्या सोडवायला यायचा. दुपारी जेवून स्लॅबवर, सावलीच्या चतकोर तुकड्यात आडवा व्हायचा. एक दिवस तो चार जिने दोन उड्यांत उतरला. "काका, वर कोन राहतंय?"

"वर कुठं? वर काही नाही."

"तेच तर! काही नाय, आनि खाट सरकवतंय!"

दुपारी ऊन दारातून आत यायला लागलं की मटिल्डा खाट ओढायची. दोन हिसके, मधे थांबायचं, मग एक लांब घासटणं. एकतीस वर्षं त्या आवाजानं त्याची झोप मोडली होती आणि त्यावरून रोज एकदा भांडण झालं होतं.

तो वर गेला. बसला. तीन वाजता, डोक्यावर, आभाळातून, दोन हिसके. थांबणं. लांब घासटणं.

त्यानं वर पाहिलं. एक घार होती.

त्या दिवसापासून धर्मा झोपायला रस्त्यापलीकडे जायला लागला आणि ज्युलियस झोपायला वर यायला लागला. पण त्याला झोप लागेना. बाई वर एकटी. खाली सगळे मजले हवेचे. उतरायची म्हटलं तर कुठून उतरेल? आणि घराला आशीर्वादसुद्धा दिलेला नाही!

तो फादर फर्डिनंडकडे गेला. "फादर, घराला आशीर्वाद द्यायचाय. अकरावा मजला."

"इमारत चौथ्यावर थांबलीय ना?"

"हो."

"मग नसलेल्या घराला आशीर्वाद कसा देऊ, ज्युलियस?"

"पाया भरताना तुम्ही आला होता. तेव्हा तरी कुठं घर होतं?"

फादरांनी तीस वर्षं धर्मशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी छत्री घेतली आणि निघाले. चार जिने चढेपर्यंत त्यांना दोनदा स्वर्गाची आठवण झाली. वर पोचल्यावर त्यांनी प्रार्थना म्हटली आणि पवित्र पाणी जोर लावून वर शिंपडलं. ते चार फूट वर गेलं आणि दोघांच्या डोक्यांवर परत आलं.

"पोचलं," फादर चष्मा पुसत म्हणाले.

तेवढ्यात वर खाट सरकली. फादरांचा हात चष्म्यावरच राहिला. त्यांनी ज्युलियसकडे पाहिलं नाही, आणि उतरताना छत्रीही विसरले.

१९८७च्या जानेवारीत विद्याधर कागद घेऊन आला. "काका, चारच मजल्यांची परवानगी मिळाली. आता हट्ट नको. तिसऱ्यावर घर घ्या, तीनशे दोन. चौथ्यावर ऑफिसं होणार. सही नाही केलीत तर काहीच मिळणार नाही."

"तिथून अर्नाळा दिसतो?"

"तिथून समोरच्या गिरणीचा पत्रा दिसतो," विद्याधर म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा तो खरं बोलला होता, म्हणून ज्युलियसला त्याचा राग आला नाही. त्यानं एक दिवस मागून घेतला.

त्या दुपारी स्लॅबवर उभं राहून त्यानं आभाळाकडे तोंड केलं आणि भांडायच्या आवाजात ओरडला, "मटिल्डा! सात मजले झाले म्हणालो, ते खोटं होतं! वरचं काही होत नाही आता. तू खाली ये. तिसऱ्यावर मी असेन. अर्नाळा नाही दिसणार. पण मी तुला घेऊन जाईन, महिन्याला एकदा!"

तीन वाजून गेले, साडेतीन वाजले. खाट सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तीनशे दोनच्या उघड्या विटांच्या खोलीत जमिनीवर बसला. विद्याधर दाराच्या चौकटीत कागद घेऊन उभा. तीन वाजले. डोक्यावर, अगदी जवळ, चौथ्या मजल्याच्या रिकाम्या स्लॅबवर दोन हिसके. थांबणं. लांब घासटणं.

"वर कोण आहे?" विद्याधरनं दचकून विचारलं.

"खाली आली," ज्युलियस म्हणाला. "आण तो कागद."

इमारत दिवाळीत पूर्ण झाली. चौथ्या मजल्यावर टायपिंगचे वर्ग निघाले, आणि दुपारी तीनला दुसरी बॅच बसताना बाकं सरकायची. त्या आवाजांत खाटेचा कुठला, हे ज्युलियसला कळेनासं झालं. अर्नाळ्याला तो एकदा गेला. पुढं गुडघ्यांनी जिने चढवेनात, आणि लिफ्ट बसवलेलीच नव्हती, म्हणून राहायला आल्यापासून एकोणीस महिन्यांनी सुझान त्याला गासला घेऊन गेली. तीनशे दोनमध्ये सध्या दाताचा दवाखाना आहे.