रोलरची पकड

रुखवताची कागदी नक्षी कापायचं माझं घरगुती मशीन अडलं, की मी सेलूतल्या शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मामांकडे जाते. रबरी रोलर गुळगुळीत झाले, की कागद वाकडा सरकतो. मामा पॉलिश पेपर बोटात धरून ते हळूहळू खरवडतात. मधे बोललेलं त्यांना खपत नाही. शेवटी अंगठा फिरवून स्वतःशीच म्हणतात, "आता धरायलाय बघ."

परवा रेशन दुकानात ते माझ्या पुढे होते. तिथलं मशीन त्यांचा अंगठा घेईना. त्यांनी तो पायजम्याला पुसला, तोंडाची वाफ दिली, पुन्हा टेकवला.

"घासून घासून रेषाच राहिल्या न्हाईत, मामा. उद्या या," दुकानदार म्हणाला.

रिकामी पिशवी घडी करत मामा वळले. मला पाहून म्हणाले, "पोरी, तुझं मशीन चालायलंय ना नीट?"

हो म्हणायला मला लय जड गेलं.