गोफण, दुर्बीण आणि अंदमानचा टकाचोर

हसणार नसाल तर सांगतो. नाही, तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय, तुम्ही हसणार. हसा बापडे! चहा तेवढा सांगा अजून एक, कारण झालेली फजिती साधीसुधी नाही. विमानाने समुद्र ओलांडून, पाण्यासारखा पैसा घालवून, बेटावर जाऊन करून घेतलेली आहे.

मी सावद्याचा, केळीवाला. बाप केळी लावायचा, मी लावतो. पक्षी पाहायला मी कशाला जातोय? पण जळगावच्या एका पक्षीमित्र मंडळाची जाहिरात मोबाईलवर आली. अंदमान, सात दिवस. मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. बायको म्हणाली, "जा एकदाचे! निदान आठ दिवस टीव्हीचा रिमोट माझ्या हातात राहील."

फॉर्म भरायला बसलो. नाव, वय, रक्तगट सगळं ठीक. पुढे रकाना आला, पक्षीनिरीक्षणाचा अनुभव. आता रिकामा कसा सोडायचा? आणि खोटं तरी कसं लिहायचं? मी लिहिलं, "लहानपणी बारा वर्षे. ज्वारीच्या शेतात, मचाणावरून. रोज सकाळ-संध्याकाळ."

सांगा, यात एक अक्षर तरी खोटं आहे का? बारा वर्षं मी मचाणावर बसून पक्षी पाहिलेच होते. फक्त पाहिल्यावर पुढे काय करायचो, ते लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

आमच्या म्होरक्या होत्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम. त्यांनी विमानतळावरच चौदा जणांसमोर जाहीर केलं, "आपल्यात गोपाळभाऊ आहेत. बारा वर्षं मचाणावर बसून निरीक्षण केलंय त्यांनी. असा माणूस आपल्याला मिळाला, हे भाग्य!"

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. काय करणार?

बेटावर पोचलो आणि माझी वट अशी वाढली की विचारू नका. जो तो येऊन विचारायचा, "गोपाळभाऊ, हा कोणता?" मला कावळा आणि पोपट याच्या पुढचं काही येत नाही. मग मी डोळे बारीक करायचो, मान हलवायचो आणि म्हणायचो, "हा इथलाच आहे." आणि मॅडम आनंदाने ओरडायच्या, "अगदी बरोबर! हा फक्त अंदमानातच सापडतो!" अहो, ते बेटच असलं! तिथे हे उत्तर चुकतच नाही म्हणा ना!

खोलीत माझ्या जोडीला होते नाना. मूळचे धुळ्याकडचे, सारी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात. अहिराणी बोली मात्र जशीच्या तशी जपलेली. वय पंचाहत्तर, गुडघे गेलेले, डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. अंदमानची ही त्यांची तिसरी खेप. त्यांच्याकडे एक जुनी वही होती. फक्त इथेच सापडणारे सगळे पक्षी तिच्यात लिहिलेले आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण. एकच नाव कोरं. अंदमानी टकाचोर.

"बठ्ठा पाहिला भाऊ," म्हणजे सगळे पाहून झाले, नाना म्हणाले, "हाऊ एकच राहिना. डॉक्टरनी सांगं शे, आते प्रवास बंद. म्हणजे हाई शेवटलीच खेप."

मग त्यांनी माझा हात धरला. "तू जाणकार माणूस शे. तू पुढे ऱ्हाय. टकाचोर दिखना की आवाज करू नको. फक्त हात वर कर. मी हळूहळू येस."

मी म्हटलं, "नाना, काळजीच सोडा." आणि रात्रभर टकाचोराचा फोटो पाहत पडलो. बारावीच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला असता तर आज कुठे असतो मी!

सहा दिवस गेले. टकाचोराचा पत्ता नाही. नाना रोज संध्याकाळी वही उघडायचे, त्या कोऱ्या जागेकडे बघायचे आणि मिटायचे. मला गलबलून यायचं. आपण या माणसाला फसवतोय, असं सारखं वाटायचं.

शेवटची सकाळ. दुपारचं विमान. जंगलाच्या कडेला एका बंगाली मावशींचं घर होतं, घरामागे छोटी बाग. तिथे टकाचोर येतो म्हणून कुणीतरी सांगितलेलं. नाना मागेच एका झाडाखाली घडीच्या स्टुलावर बसले. गुडघ्याने पार दगा दिला होता. मला मॅडमनी सगळ्यांत पुढे उभं केलं. माझ्यामागे बारा जण, कॅमेरे रोखून, श्वास रोखून. दुर्बिणीचा पट्टा मानेला काचत होता म्हणून मी ती काढून हातात धरलेली.

समोर पाहतो तर काय! केळी!

अहो, सात दिवसांनी केळी दिसली हो! माहेरचं माणूस भेटावं तसं झालं मला. पण जवळून पाहिलं आणि जीव तुटला. घड झाडावरच पिकलेला. आमच्याकडे घड कच्चाच कापतात, आणि तोवर त्याला पिशवी घालून ठेवतात. इथे पिशवी नाही की काही नाही! भर जंगलाच्या तोंडावर पिवळाजर्द घड उघडा लोंबतोय. मी मनातल्या मनात मावशींना चार गोष्टी सुनावतोय, तेवढ्यात कुठूनतरी काहीतरी फडफडत आलं, घडावर बसलं आणि वरच्या फणीत खाडकन चोच घातली.

पुढचं मी केलं नाही हो. माझ्या हाताने केलं.

दुर्बिणीचा पट्टा मुठीत, हात डोक्यावर, आणि गरगर गरगर गोफण! आणि मचाणावरचा तो आवाज, चाळीस वर्षांनी, तस्साच्या तस्सा, "हाऽऽऽ हुर्रर्रर्र! हाऽऽऽ! उडतो का नाही, मेल्या!"

पक्षी उडाला. नुसता तोच नाही, त्या जंगलातलं जे जे उडू शकत होतं ते सगळं उडालं. मॅडमनी माझं मनगट धरलं म्हणून दुर्बीण तरी वाचली.

मी पळत घडापाशी गेलो. तीन केळी टोचलेली. "बघा," म्हणत वळलो, तर बारा जण माझ्याकडे पाहत होते. मॅडम म्हणाल्या, "गोपाळभाऊ, तो टकाचोर होता."

नाना! त्यांची ती कोरी जागा! हात वर कर म्हणाले होते, तर मी केला हात वर, पण कसला! मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात झाडू घेऊन मावशी बाहेर आल्या. काय झालं ते त्यांच्या ताबडतोब लक्षात आलं. त्या बेटावर माझ्यावर खूश असलेलं ते एकमेव माणूस! मला म्हणतात, "भैया, कल भी आओगे?"

आणि मागून आवाज आला.

"दिखना रे! दिखना! माले दिखना!"

आम्ही सगळे धावलो. नाना स्टुलावर बसलेलेच, डोळ्यांतून धारा. मी हाकललेला टकाचोर सगळ्यांच्या डोक्यावरून मागे गेला होता आणि नानांपासून दहा हातांवरच्या फांदीवर जाऊन बसला होता. अजून तिथेच होता. धडाधड फोटो निघाले, बारा जणांनी डोळे भरून पाहिला. मी मात्र नानांच्या पायाशी बसून त्यांचे हात धरून "माफ करा नाना, माफ करा" करत होतो. मान वर केली तेव्हा फांदी रिकामी.

विमानतळावर नानांनी वही काढली. कोऱ्या जागेवर खूण केली, तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं. मग मंडळाची यादी घेऊन एकेकाचं नाव वाचायला लागले. दिसला, दिसला, दिसला. सगळ्यांचं झालं. माझं नाव आलं.

"तुले दिखना का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय नाना! सगळ्यांत जवळून मीच तर पाहिला!"

चष्म्यावरून बघत म्हणाले, "रंग सांग."

मी डोळे मिटले. सगळं चित्र लख्ख समोर उभं राहिलं. "पिवळा. टोकाला जरासा काळपट."

"अन् आकार?"

"भरेल की चांगला वीस-बावीस किलो!"

नानांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "आरे गोपाळ, तो तं घड शे!"