रकाना सातवा : आजाराचे कारण

तहसील कचेरीसमोर अर्ज लिहिण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. शासनास कोणत्या शब्दांनी जागे करावे, हे या तालुक्यात माझ्याइतके कोणी जाणत नाही. काल शेवंताबाई आपला अर्ज परत घेऊन आल्या. नवऱ्याला आतड्याचा कर्करोग, उपचारास मदत हवी, आणि ‘आजाराचे कारण’ या रकान्याभोवती कारकुनाने लाल वर्तुळ काढलेले!

“भाऊ, तो म्हणतो, व्यसन लिहा, त्याशिवाय कागद हलत नाही. अहो, यांनी जन्मात सुपारी तोंडात टाकली नाही!”

माझा संताप अनावर झाला. डॉक्टरांनी शेवंताबाईंना नीट समजावले होते: आईच्या उदरात पेशींना ‘वाढा’ असा निरोप मिळतो, त्यातून आतडे घडते. पुढे झीज भरण्यापुरताच तो निरोप बेताने चालतो. त्यांच्या नवऱ्याच्या आतड्यात तो निरोप आवरणारी यंत्रणा बिघडली. ज्या हुकमाने देह घडवला, त्यानेच तो पोखरावा? मी साध्या रस्त्याच्या अर्जातही मुदत घालतो. निसर्गाने एवढा मोठा हुकूम कोणाच्या भरवशावर सोडला? आणि जाब मात्र निर्व्यसनी माणसाला!

मी ठळक अक्षरांत लिहिले, “व्यसन नाही. वाढीचा हुकूम वेळीच आवरला गेला नाही. यात रुग्णाचा कोणताही दोष नाही.”

शेवंताबाईंनी शेवटचे वाक्य दोनदा वाचायला लावले.

“याची एक नक्कल द्या, भाऊ. घरी यांना वाचायला देईन. लोकांनी विचारून विचारून यांनाच आता आपलं काही चुकलं असं वाटायला लागलंय.”

कचेरीची प्रत बाजूला ठेवून मी आधी ती नक्कल लिहायला घेतली.